वादळातल्या तळ्याची मागची बाजू

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे उलटकाका म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ह्यांना ते माहीत आहे, कारण पाठीमागे काय चाललंय ते बघण्यातच ह्यांचा जन्म गेला. कप हातात दिला की आधी उलटा करून बूड बघणार, मग त्यात चहा ओतू देणार. नवीन शर्ट आणला की शिवण उलटी करून बघणार. आमचं लग्न ठरवायला आले होते तेव्हा सगळ्यांदेखत भिंतीवरचा माझ्या आजोबांचा फोटो काढला आणि पालथा करून निरखला. माझ्या वडिलांचा चेहराच उतरला, त्यांना वाटलं ह्यांना घराण्याबद्दल काही कानावर आलंय. ह्यांनी फोटो परत टांगला आणि म्हणाले, "मागचा पुठ्ठा ओल धरतोय, बदलून घ्या." मग माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण वय लहान होतं.

ह्यांचं फ्रेमा करायचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक दार, आणि ते दार उघडं असलं की लाकडाचा भुसा थेट माझ्या ओट्यापर्यंत. फोटो, प्रमाणपत्रं, नकाशे, कोणाच्या लेकीने विणलेली मांजर, काय म्हणाल त्याची फ्रेम होते. पण ह्यांचा जीव कॅनव्हासमध्ये. कॅनव्हास म्हणजे शेवटी कापडच. ते लाकडाच्या चौकटीवर ताणायचं, कडा मागे वळवायच्या आणि बारीक खिळ्यांनी ठोकायच्या. कडा कोणीही ठोकेल. खरी परीक्षा कोपऱ्याची, कारण तिथे कापड जास्तीचं होतं आणि त्याची घडी घालावी लागते. ह्यांची घडी नेहमी वरच्या किंवा खालच्या अंगाला, म्हणजे बाजूला उभा राहून बघणाऱ्याला दिसत नाही. चपटी, एकाच खिळ्यात बसलेली. दुसऱ्या कोणाचं काम दुकानात आलं की हे कोपरा बघून माणूस सांगतात. हा डावखुरा आहे. ह्याला जेवायची घाई होती. ह्याने दुसऱ्याचं बघून शिकलंय पण विचारलं नाही.

काम झालं की आतल्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर, मागच्या अंगाला, पेन्सिलीने तारीख आणि एक खूण. छोटा चौकोन, त्याचा एक कोपरा मोडलेला. वरून फ्रेम बसली की ते कोणालाच दिसत नाही. मी एकदा म्हटलं, दिसत नाही तर लिहिता कशाला. तर म्हणाले, "ज्याला बघायचं असेल तो उघडून बघेल." असे हे.

एकतीस वर्षांत मला काच पुसायला दिली, पुठ्ठा कापायला दिला, गिऱ्हाइकांची बडबड तर सगळी माझ्याच पदरात. पण कोपऱ्याला हात लावू दिला नाही. मी नुसती समोर बसून बघितलं. भाजी निवडता निवडता माणूस किती कोपरे बघेल? हजारो बघितले असतील.

आणि संशय म्हणाल तर तो घरातलाच सहावा माणूस. म्हणजे आम्ही कधी पाच नव्हतो, पण हिशेब तसाच. दूधवाला पाणी घालतो, वखारवाला ओलं लाकूड देतो, शेजारी आमच्या भिंतीला मुद्दाम कुंड्या टेकवतो. कात्री सापडली नाही की माझी उलटतपासणी. पट्टी सापडली नाही की लेकीची. लेक लग्न होऊन गेली तेव्हा मी म्हटलं, आता पट्टीबद्दल कोणाला धराल? तर म्हणाले, "ती पट्टी न्यायलाच आलेली दिसली मला." गल्लीतले लोक ह्या गोष्टी रंगवून सांगतात आणि हसतात. मीही सांगायची. गेलं वर्षभर संशय जरा जास्तच वाढला होता, पण मुरलेल्या लोणच्याला आणखी काय मुरायचं, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. ही माझी चूक, ती मी आधीच सांगून ठेवते.

एका सोमवारी सकाळी भूगोलाच्या बाई दुकानात आल्या. आमच्या लेकीला शाळेत ह्याच बाईंनी भूगोल शिकवला होता, आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे थोरले भाऊ त्याच शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. ते दोन वर्षांपूर्वी गेले. बाईंनी चादरीत गुंडाळून मास्तरांचं एक मोठं चित्र आणलं होतं. शाळेच्या नव्या सभागृहात शनिवारी ते लागणार होतं, बाई शाळेला देणार होत्या. फक्त फ्रेम जरा रुंद हवी, सभागृह मोठं आहे म्हणून.

चित्र मला माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी मास्तर स्वतः ते खांद्यावर घेऊन आले होते आणि आमच्या दुकानातून फ्रेम होऊन गेलेलं ते पहिलं मोठं कॅनव्हास. डोंगरातलं तळं, ऐन हिवाळा आणि वादळ. आकाश आणि पाणी दोन्ही एकाच राखाडी रंगाचं, मधून बर्फ आडवं उडतंय, डोंगर कुठे दिसतोय कुठे नाही. पुढच्या काठावर एक छोटी नाव. मास्तर तरुणपणी तिथे तीन दिवस एका पडक्या खोलीत अडकले होते आणि बोटं गारठलेली असताना त्यांनी रेखाटनं केली होती. बघितलं की उबदार खोलीतही अंगावर काटा यायचा.

बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं, माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही परत आलात ते बरं झालं."

मी लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने गेले होते खरी, पण परत येऊनही दोन महिने होऊन गेले होते. आता त्याचं काय, असं मला वाटलं. चमत्कारिकच वाटलं ते बोलणं.

बाई गेल्यावर ह्यांनी चित्र पालथं घातलं, जुनी फ्रेम सोडवली आणि तिथेच अडकले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी आतून विचारलं, काय झालं? बाहेर येऊन बघते तर हे भिंग घेऊन कोपऱ्यावर वाकलेले.

"हे माझं काम नाही," म्हणाले.

मी बघितलं, आणि मलाही पटलं. कोपऱ्याची घडी बाजूला आलेली, जाड, पुरचुंडीसारखी. खिळ्याऐवजी पिना मारलेल्या, त्याही एकावर एक तीन. चारही कोपरे तसेच. वरची पट्टी कोरी करकरीत, नव्या लाकडाची, आणि तिच्यावर ह्यांची खूण नाही.

"चित्र कोणीतरी सोडवलंय," हे म्हणाले. "पट्टी बदललीय. आता मला सांग, पट्टी कोण बदलतं? ज्याला कापड बदलायचंय तो."

"म्हणजे?"

"म्हणजे हे ते चित्र नाही. ही नक्कल आहे. खरं विकलं."

दुसऱ्या दिवशी बाई रंग ठरवायला आल्या तेव्हा ह्यांनी सरळ विचारलं, हे मध्ये कोणाकडे दिलं होतं? बाई गोंधळल्या. माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. म्हणाल्या, "तुमच्याकडेच. चार महिने झाले. कापड सैल पडलं होतं, वरच्या पट्टीला कीड लागली होती. तुम्हीच बदलून दिलीत ना?"

ह्यांनी फक्त मान हलवली. बाईंची पाठ वळताच म्हणाले, "ऐकलंस? माझ्यावरच ढकलते. मी असा कोपरा घालीन?"

आता खरं सांगायचं तर ह्यांच्या संशयांवर मी कधीच विश्वास ठेवला नव्हता. पण नवऱ्यावर विश्वास नसला तरी त्याच्या कोपऱ्यावर होता. तो कोपरा ह्यांचा नव्हता हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. चार महिन्यांपूर्वी मी इथे नव्हते, म्हणजे बाईंना वाटलं असणार की साक्षीला कोणी नाही. आणि ते "परत आलात ते बरं झालं" कशासाठी? मला गोड बोलून आपल्या बाजूला ओढायला. माझं डोकंही त्याच दिशेने धावायला लागलं. इतक्या वर्षांचा सहवास, वाण नाही पण गुण लागतोच.

त्यात बाईंचा भाचा. तो हॉटेलांना भिंतीवरची चित्रं पुरवतो. एकाच झाडाची पन्नास चित्रं, पन्नास खोल्यांना. असला माणूस घरात असल्यावर खऱ्याची नक्कल व्हायला किती वेळ? मंगळवारी संध्याकाळी तो स्वतःच हजर. चित्र कुठवर आलं विचारलं, मान उंच करून आत डोकावला आणि म्हणाला, "मागून उघडलंत का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. मी म्हटलं, "का? उघडायचं नव्हतं का?"

"नाही नाही, सहज," म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. तो गेल्यावर आम्ही दोघं, कित्येक वर्षांनी, एकमेकांशी पूर्ण सहमत होतो. रात्री जेवताना हे दोन घास जास्तच जेवले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर हे एकटेच संशय घ्यायचे, ह्या वेळी आम्ही जोडीने घेत होतो.

बुधवारी ह्यांनी ठरवलं ते सांगितलं. चित्र शनिवारी स्वतः सभागृहात घेऊन जायचं. सगळे जमले, मुख्याध्यापक आले, बाई बोलायला उभ्या राहिल्या, की चित्र सगळ्यांसमोर पालथं करायचं आणि कोपरा दाखवायचा. "बावीस वर्षांपूर्वीचं काम आणि हे काम, आंधळ्यालाही फरक कळेल," म्हणाले. ज्या शाळेत बाईंनी जन्म घालवला तिथे त्यांना सगळ्यांदेखत चोर म्हणायचं. खरं असलं तरी वाईट, आणि खोटं निघालं तर ह्यांना ह्या गावात कोणी एक खिळा ठोकायला देणार नाही. मी म्हटलं, आधी बाईंना एकटीला विचारू. तर म्हणाले, "तूही फितूर झालीस?"

मग त्यांनी आणखी एक पुरावा काढला. चित्र सरळ करून नावेवर बोट ठेवलं. "ही बघ. मूळ चित्रात नाव नव्हती."

मी आतून हलले. कारण नाव होती. बावीस वर्षांपूर्वी हे चित्र दुकानात टेकवून ठेवलं होतं तेव्हा मीच ह्यांना विचारलं होतं, एवढ्या वादळात ही नाव वाहून कशी जात नाही? चित्राची पुढची बाजू हे सहसा बघत नाहीत, पण तेव्हा भिंग आणून मला दाखवलं होतं. "बांधलेली आहे. नीट बघ, दोरी आहे." केसाएवढी बारीक रेघ, काठावरच्या दगडापर्यंत गेलेली. गिऱ्हाईक कमी होतं, हे तेव्हा माझ्याशी जरा जास्त बोलायचे, म्हणून ते माझ्या पक्कं ध्यानात राहिलं होतं.

मी वाकून बघितलं. दोरी होती.

गुरुवारी सकाळी हे पट्ट्या आणायला वखारीत गेले. मी दुकानाचं दार लोटलं, चित्र पालथं केलं आणि आयुष्यात प्रथमच ह्यांचं हत्यार हातात घेतलं. वरची पट्टी मी पुन्हा तपासली, कोरी होती. मग खालची. तिथे कापडाची कड जास्त रुंद वळवलेली होती. पिना उचकटल्या, कड वर केली. खाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं. चार महिन्यांपूर्वीची तारीख. शेजारी चौकोन, एक कोपरा मोडलेला.

चित्र पालथं टाकलं की वर कुठलं आणि खाली कुठलं ते ध्यानात ठेवावं लागतं. हे एकतीस वर्षं ते ध्यानात ठेवत आले होते.

मी तिथेच स्टुलावर बसले. मग उठले आणि फळीवरची कामं एकेक पालथी करायला लागले, ह्यांच्यासारखीच. मी लेकीकडे होते त्या दोन महिन्यांतली तीन कॅनव्हास अजून न्यायला कोणी आलं नव्हतं. तिन्हींचे कोपरे बाजूला, जाड, पिनांवर पिना. टेबलाखालच्या तुकड्यांच्या ढिगात कीड लागलेली एक पट्टी सापडली, तिच्यावर बावीस वर्षांपूर्वीची तारीख होती. बाई खरं बोलत होत्या, शब्द न् शब्द.

मग वर्षभरातलं एकेक आठवायला लागलं. हातोडी मी चोरली म्हणून दोन दिवस अबोला धरला होता, ती धान्याच्या डब्यात निघाली. मी म्हटलं होतं, घ्या, आता हातोडीचं पीठ करा. गोंदाची बाटली फ्रीजमध्ये. दुधाचे पैसे दोनदा दिले आणि दूधवाल्याला लबाड ठरवलं. दुसऱ्या कोणाचा नवरा असा वागला असता तर बायको घाबरून डॉक्टरकडे पळाली असती. मी हसत होते. हे पहिल्यापासून असेच, म्हणत होते. अख्खी गल्ली म्हणत होती. आणि बाईंनी चार महिन्यांपूर्वीच ओळखलं होतं, फ्रेम बसायच्या आधी ते कोपरे बघताच. म्हणून तर काही न बोलता तसंच चित्र घेऊन गेल्या, आणि म्हणून म्हणाल्या की तुम्ही परत आलात ते बरं झालं. मला स्वतःची एवढी लाज वाटली की पदराने तोंड पुसत राहिले.

रडून झालं. पण हे तासाभरात परत येणार होते आणि शनिवार दोन दिवसांवर. ही खूण दाखवली की बाई सुटत होत्या, हे मला समजत होतं. पण ह्यांना काय दाखवत होते मी? ज्या कोपऱ्याला हे चार दिवस शिव्या घालतायत तो तुमचाच आहे, आणि तो घातल्याचं तुम्हाला आठवतही नाही? जगात ह्यांनी कोणावर विश्वास ठेवला नाही, फक्त स्वतःच्या हातावर ठेवला. तोही काढून घेऊ? मी खोडरबर शोधलं आणि ती खूण पुसून टाकली. तारीखही पुसली.

हे आले, पट्ट्या भिंतीला लावल्या. मी म्हटलं, "अहो, जरा बसा. ते चित्र मी उघडलं होतं."

"कधी?"

"चार महिन्यांपूर्वी. बाई आल्या, तुम्ही वखारीत होतात. कापड सैल होतं. म्हटलं रोज बघते, करून टाकू. बिघडलं, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. "तू तेव्हा लेकीकडे होतीस."

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. हातोडी कुठे ठेवली ते आठवत नाही, पण मी घरात नव्हते ते पक्कं आठवतंय. ते दोन महिने ह्यांनी कसे काढले असतील, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मध्ये एक दिवस आले होते," मी म्हटलं.

"एक दिवस."

"हो."

"आणि नेमक्या त्याच दिवशी बाई आल्या."

"हो."

हे उठले. कोऱ्या कापडाचा तुकडा कापला, एक रिकामी चौकट घेतली आणि माझ्यासमोर ठेवली. "करून दाखव."

मी मुद्दाम वाईट करायचं ठरवलं होतं, अगदी तसंच, बाजूला, जाड. पण हातांना ते येईना. कापड ओढलं, कोपरा धरला, आणि बोटं आपोआप ह्यांच्यासारखी वळली. घडी खालच्या अंगाला गेली, चपटी बसली. मी एक खिळा ठोकला. वर बघायची हिंमत झाली नाही.

ह्यांनी चौकट उचलली, उलटी केली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "हे तर बरोबर आलंय," म्हणाले.

मग स्वतः दुसरा कोपरा घेतला. कापड ओढलं, वळवलं. घडी बाजूला आली. सोडली. परत वळवली, परत बाजूला. तिसऱ्यांदा थांबले, कापडाकडे बघितलं, एखादा शब्द ओठावर यावा आणि बाहेर पडू नये तसं. हळूहळू वळवलं आणि पिन मारली. एक बसली नाही म्हणून तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. मग तो कोपरा बाईंच्या चित्राच्या कोपऱ्याशेजारी ठेवला.

दोन्ही सारखे होते.

बाहेर कोणीतरी दार वाजवून कंटाळून गेलं. हे दोन कोपऱ्यांकडे बघत होते, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं. भीती होती ती. ह्यांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मग ह्यांनी बाईंच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे तुझं काम," म्हणाले.

"हो."

"फार वाईट केलंयस."

"पहिलीच वेळ होती."

"बाईंना सांग, बायकोने केलं होतं. मला माहीत नव्हतं, म्हणावं. नीट करून देतो."

"सांगते."

"तू कर," हे म्हणाले. "मी धरतो."

चारही कोपरे मी केले. हे समोर बसून कापड ताणून धरत होते आणि मध्येच म्हणत होते, अगं ओढ, जोर कुठे गेला. शेवटचा खिळा बसल्यावर पेन्सिल माझ्यापुढे केली. मी वरच्या पट्टीवर तारीख लिहिली आणि विचारलं, खूण तुमचीच करू? "दुसरी कुठली करशील?" म्हणाले. मी चौकोन काढला आणि एक कोपरा मोकळा सोडला.

मग चित्र सरळ करून टेकवलं. हे पुढून बघत उभे राहिले, जवळ गेले, डोळे बारीक केले. "एवढं वादळ आहे," म्हणाले. "ती नाव बांधलेली आहे का गं?"

"बांधलेली आहे. दोरी आहे बघा."

मी भिंग आणून दिलं. ह्यांनी दोरी बघितली, दगडापर्यंत.

बाईंना मी दुपारीच जाऊन सांगितलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं होय. मग मीच विसरले असेन. वय झालं माझं." आणि मला आत घेऊन चहा दिला. मी कपाचं बूड बघितलं नाही.

शनिवारी चित्र सभागृहात लागलं. हे माझ्याशेजारी बसले होते आणि चित्र कोणी कसं उचललं, कुठला हात कुठे लावला, सगळं बघत होते, पण जागचे उठले नाहीत. टांगण्याआधी भाच्याने ते पालथं केलं तेव्हा मी ह्यांची बाही धरली. त्याने खिशातून एक छोटं कार्ड काढलं आणि मागे चिकटवलं. मामाचं नाव, आणि खाली "तीन दिवस ह्या वादळात होता". ते मागे लावता येईल का हे विचारायला तो बिचारा त्या दिवशी आला होता आणि आम्हा दोघांचे चेहरे बघून परत गेला होता.

आता डॉक्टरांना दाखवून झालं, तपासण्या झाल्या, गोळ्या चालू आहेत. पाण्याचा ग्लास दिला की हे गोळी उलटसुलट करून बघतात, मग गिळतात. कोपरे मी करते. हे समोर बसून कापड धरतात, आणि माझी घडी चुकली तर अजूनही ह्यांनाच आधी दिसते. स्वतः कोपरा घालायला मात्र त्या दिवसापासून ह्यांनी घेतलेला नाही.

संशय तेवढे आहेत तसेच आहेत. कालच हे दुकानातून ओरडले, हातोडी कुठे गेली? मी कणीक मळत होते. म्हटलं, "मी घेतली होती."

"वाटलंच मला," म्हणाले. "तरी म्हटलं, जाते कुठे."

चष्मा मी घेते. किल्ली मी घेते. परवा तर ह्यांच्या एका पायातली चप्पल मी घेतली होती. एकतीस वर्षं जे जे आरोप मी झाडून टाकले ते आता सगळे एकामागून एक कबूल करून बसले आहे, आणि ह्या माणसाला, ज्याने कधी कोणाचा शब्द मानला नाही, माझा प्रत्येक शब्द पटतो. हे दारातून हात पुढे करून उभे राहतात. मी म्हणते, थांबा, देते, आणि कणकेचे हात पुसून हातोडी शोधायला लागते.